दातांवरच्या जिवाणूंचे रासायनिक संदेश

दातांवर साचणाऱ्या चिकट थरातले जिवाणू एकमेकांना रासायनिक संदेश देतात, या ज्ञानाचे मूळ न्यूमोनियाच्या संशोधनात आहे. स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनी हा जिवाणू परका डीएनए आत घेऊन आपले गुण बदलतो, हे ग्रिफिथ यांच्या १९२८च्या आणि एव्हरी व सहकाऱ्यांच्या १९४४च्या प्रयोगांतून कळले होते. ही क्षमता मात्र त्याच्यात सदासर्वकाळ नसते. संख्या वाढली की ती बहुतेक पेशींत जवळजवळ एकदमच येते. पेशींनीच बाहेर सोडलेला, संप्रेरकासारखा पदार्थ तिला जागवतो, असे अलेक्झांडर टोमाझ यांनी १९६५मध्ये दाखवले. जिवाणूंच्या रासायनिक संदेशांचा इतिहास बहुधा १९७०च्या, सागरी जिवाणूंच्या प्रकाशावरील संशोधनापासून सांगितला जातो. पहिला मान टोमाझ यांनाच द्यायला हवा.

तो पदार्थ १७ अमिनो आम्लांचा पेप्टाइड आहे, हे १९९५मध्ये होवार्स्टाइन आणि मॉरिसन यांनी ओळखले. मग तोंडातल्या भाऊबंदांकडे लक्ष वळले. त्यांतला प्रमुख स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. किडलेल्या दातांतून क्लार्क यांनी तो १९२४मध्येच वेगळा केला होता. त्याचा २१ अमिनो आम्लांचा संदेश २००१मध्ये टोरांटोत ली आणि स्विटकोविच यांच्या गटाने उजेडात आणला. पेशीबाहेर एक विकर त्याच्या टोकाची तीन अमिनो आम्ले कापते आणि उरलेला तुकडा कामाला येतो. पेशीच्या आवरणातला ग्राहक तो टिपतो, आणि शेजारच्या जिवाणूंना मारणारी प्रथिने तयार होऊ लागतात. मेलेल्या शेजाऱ्याचा डीएनएही वाया जात नाही. तो आत घेण्याची यंत्रणा चालू करणारा संदेश मात्र दुसराच, अवघ्या सात अमिनो आम्लांचा. तो २०१०मध्ये सापडला, आणि त्या कामातही मॉरिसन होतेच.

हे पेप्टाइड मुख्यतः आपापल्या जातीपुरते असतात. अनेक जाती तयार करतात असा रेणू म्हणजे एआय-२. बेथेस्डा येथील कोलेनब्रँडर यांच्या गटाने २००६मध्ये स्ट्रेप्टोकॉकस ओरालिस आणि एक अ‍ॅक्टिनोमायसिस यांना निव्वळ लाळेवर वाढवले. एकेकटे ते तग धरत नाहीत. जोडीने दाट थर रचतात. ओरालिसची एआय-२ बनवण्याची क्षमता काढून घेतल्यावर तो थर जमेना. बाहेरून तो रेणू घातल्यावर पुन्हा जमला. मात्रा अगदी सूक्ष्म लागते, आणि ती वाढवली तर थर विरळ होतो.