धनिणीच्या बागेतली पंगत

पहाट व्हायची आहे. साल १९२९. तुम्ही साताऱ्यात आहात, धनिणीच्या बागेत, शाहू बोर्डिंगमध्ये. अजिंक्यताऱ्यावरून उतरलेला गारठा घोंगडीच्या भोकांतून आत शिरतोय. तुमचं वय बारा.

"ऊठ की रं, दळणाची पाळी आपली हाय आज."

डोळे चोळत तुम्ही जात्याशी येता. समोर तो आधीच मांडी घालून बसलाय. एक मूठ जोंधळा जात्याच्या तोंडात पडतो. खुंट्याला त्याचा हात खाली आणि तुमचा वर, मग फिरता फिरता तुमचा खाली आणि त्याचा वर. पाळीतून पीठ झरायला लागतं. कोमट पीठ, त्याचा तो भाजल्यासारखा वास. तो महारवाड्यातून आलाय. तुमच्या गावी त्याच्या बापाला तुमच्या घराचा उंबरा ओलांडता येत नाही. पाणी मागितलं तर वरून ओततात. इथं एकाच खुंट्यावर दोघांच्या हातांचा घाम लागलाय, आणि या पिठाची भाकरी तासाभराने सगळे खाणार आहेत. मराठा, जैन, मुसलमान, मांग, रामोशी, सगळ्यांची पंगत एक.

पहिल्या दिवशी तुम्हाला घास गेला नव्हता. आज तो कुणाचा कोण हे आठवायलासुद्धा वेळ नाही, कारण दळण संपवून पाणी भरायचंय आणि मग शाळा गाठायचीय.

तुम्ही ज्यांना अण्णा म्हणता ते भाऊराव पाटील आत्ता बोर्डिंगात नाहीत. कुठल्या तरी गावी धान्य आणि पैसा जमवत फिरत असतील, अनवाणी, खांद्यावर घोंगडी. ते असे का झाले हे पाहायचं तर अजून एकवीस वर्षं मागे चला.

१९०८, कोल्हापूर. शाहू महाराजांच्या प्रेरणेनं या शहरात एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिलीत आणि खेड्यातली पोरं पहिल्यांदा शहरात राहून शिकायला लागलीत. जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक धिप्पाड पोरगा आहे, तो हा भाऊ. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू होतंय आणि हा त्या समारंभाला जाऊन आलाय. परतल्यावर त्याला सांगितलं जातं, आधी आंघोळ कर, मगच जेवायला बस. तो नाही म्हणतो. त्या नकारापायी त्याला बोर्डिंग सोडावं लागतं. तुम्ही बाजूला उभे राहून बघताय, एक विशीतला मुलगा आपली वळकटी उचलून चाललाय. शिक्षण त्याचं इंग्रजी सहावीच्या पुढे गेलं नाही. पण एका बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या या मुलानं पुढे शेकडो मुलांसाठी बोर्डिंगं काढली. माजी विद्यार्थ्याचा पराक्रम कशाला म्हणायचं, असं मला कुणी विचारलं तर मी आधी ही वळकटी दाखवीन.

१९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात हे बोर्डिंग सुरू झालं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. एवढं सांगून तुम्हाला परत स्वयंपाकघरात नेतो. खरी गोष्ट तिथे आहे.

चुलीपाशी लक्ष्मीबाई आहेत, अण्णांच्या पत्नी. मुलं त्यांना वहिनी म्हणतात. सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या घरातून त्या आल्यात. सगळ्या जातींच्या पोरांना आपल्या चुलीपुढे बसवताना त्यांच्या मनानं काय काय ओलांडलं असेल, याचा विचार आपण फार कमी करतो. भाऊरावांचं बंड लोकांनी पाहिलं. वहिनींचं बंड चुलीपाशी झालं आणि धुरात राहिलं. मला तर ते अधिक अवघड वाटतं.

आणि तो दिवस. कोठीत दाणा नाही. अण्णा गावाला गेलेत. सावकार उधार द्यायला तयार नाही, आणि पोरं शाळेतून येऊन ताटं घेऊन बसणार आहेत. एकेक करून दागिने आधीच गेलेत. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभे आहात. वहिनी गळ्याशी हात नेतात. उरलं ते मंगळसूत्र आहे. कुंकवाच्या धन्याच्या हयातीत ते गळ्यातून काढणं त्या काळच्या बाईला काय वाटत असेल, हे शब्दांत मांडायचा प्रयत्न मी करणार नाही. त्या ते काढतात. संध्याकाळी ताटात भाकरी येते. तुम्ही ती मोडता, आमटीत बुडवता. भूक लागलेल्या पोराला चव कळते, किंमत कळायला वय व्हावं लागतं.

पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, वहिनी गेल्या.

पण बोर्डिंग चालत राहिलं, कारण ते आता गावागावांनी अंगावर घेतलं होतं. सुगीत चला तुम्ही मुलांबरोबर. बैलगाडी आहे, रिकामी पोती आहेत. खळ्याखळ्यावर जायचं, रामराम करायचा, बोर्डिंगचं नाव सांगायचं. कुणी शेर दोन शेर देतो, कुणी सुपात ओतून पोत्यात रिकामं करतो. घरच्या बायका दळायला बसताना एक मूठ बाजूला काढून ठेवतात, तो मुष्टिफंड. देणाऱ्या बाईला अक्षर येत नाही. तिच्या मुठीतल्या जोंधळ्यावर दुसऱ्याच कुणाचा मुलगा वाचायला शिकणार आहे, आणि हे तिला ठाऊक आहे. गाडी परतते तेव्हा तुमच्या तळपायांना फोड आलेले असतात आणि पोत्यांवर पालथं पडून तुम्ही झोपलेले असता.

आता भरभर पुढे या. १९३५ मध्ये साताऱ्यात संस्थेचं अध्यापक विद्यालय सुरू होतं. तुमच्यासोबत दळणारा तो आता मास्तर झालाय. डोंगरकपारीच्या एका वाडीत देवळाच्या ओसरीवर त्याची शाळा भरते. पगार जेमतेम, तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. अशा ५०० हून अधिक व्हॉलंटरी शाळा रयतनं उभ्या केल्या, आणि त्यांतल्या कितीतरी ओसऱ्यांवर बोर्डिंगात जेवलेली पोरं मास्तर म्हणून उभी होती. साहस म्हटलं की आपल्याला शिखरं आणि समुद्र आठवतात. कंदील, घोंगडी आणि फळा घेऊन अनोळखी वाडीत एकट्यानं मुक्काम टाकणं हेही साहसच होतं.

काहींची नावं मोठी झाली. शाहू बोर्डिंगातले पां. ग. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. मुंबईच्या कोर्टात बक्कळ कमावता आलं असतं. ते साताऱ्याला परतले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. महात्मा फुल्यांचं लेखन त्यांनी इंग्रजीत नेलं. हे शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये निघालं आणि तिथे 'कमवा आणि शिका' ही योजना रुजली. सकाळी हातात खोरं, दुपारी पुस्तक. त्याच योजनेत शिकलेले पतंगराव कदम रयतच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९६४ मध्ये, ऐन विशीत, पुण्यात भारती विद्यापीठ काढून बसले.

माझा जीव मात्र अडकतो तो नावं न राहिलेल्यांत. कुणी तलाठी झाला, कुणी फौजदार, कुणी एसटीत कंडक्टर. त्यांनी आपल्या भावकीतलं एकेक पोर बोटाला धरून बोर्डिंगात आणून सोडलं.

शेवटचा थांबा. १९५९, पुणे. ज्याची वळकटी तुम्ही कोल्हापुरात पाहिली होती, त्याला पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिलीय. मॅट्रिकसुद्धा न झालेला माणूस. त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले.

परत आलात? मग एक करा. तुम्ही कुठल्याही बोर्डिंगात, वसतिगृहात, आश्रमशाळेत जेवला असाल, तर येत्या जूनमध्ये तिथे जाऊन या. सत्काराला नको. सरळ कोठीत जा, काय संपत आलंय ते बघा, आणि एका पोराच्या वर्षाच्या जेवणाचा खर्च तुमच्या नावावर लिहून घ्यायला सांगा.