एज्युकेशनल टेक्नॉलॉजी आणि शाळेचं ग्रंथालय : दोन्ही एकत्र कसं शिकायचं?

शाळेतलं ग्रंथालय म्हटलं की कुलूपबंद कपाट आठवतं ना? पण त्याच खोलीत पुस्तकं, टॅब आणि इंटरनेट तिन्ही सांभाळणारा माणूस असेल तर? अमेरिकेत काही विद्यापीठांत यासाठी एकत्र मास्टर्स डिग्री मिळते. आपल्याकडे काय करता येईल, ते बघू.

या अभ्यासात काय शिकवतात?

ग्रंथालयशास्त्रात पुस्तकांचं वर्गीकरण, सूची बनवणं आणि वाचकाला नेमकी माहिती शोधून देणं येतं. एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत डिजिटल धडे तयार करणं आणि त्यातून मुलं खरंच शिकली का हे तपासणं येतं.

उदाहरण घ्या. जळकोटच्या एखाद्या मुलीला ग्रहणावर प्रकल्प करायचाय. ग्रंथपाल ड्युई पद्धतीतल्या ५२० क्रमांकाच्या, म्हणजे खगोलशास्त्राच्या कप्प्यातून पुस्तक काढून देतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन करून व्हिडिओ दाखवतो. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी माहिती खरी की खोटी, हे तपासायलाही शिकवतो.

महाराष्ट्रातून कसं करायचं?

एकत्र डिग्री शोधत बसण्यापेक्षा दोन कोर्स जोडा :

- बी.लिब. : कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांच्याकडून घरी राहून करता येतं. पुढे एम.लिब. आहे.
- एज्युकेशनल टेक्नॉलॉजी : इग्नूचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, तर आयआयटी मुंबईत पीएचडी करता येते.

२०२२ पासून यूजीसीच्या नियमांनुसार दोन कोर्स एकाच वेळी करता येतात. दोन्ही दूरशिक्षणाचे असले तरी चालतात.

हे आधी तपासा

दूरशिक्षणाच्या कोर्सला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षासाठी मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी बघा. दुसरी गोष्ट म्हणजे नुसत्या टेक्नॉलॉजीच्या डिप्लोमावर ग्रंथपालाची नोकरी मिळेल असं समजू नका. केंद्रीय विद्यालयांच्या भरतीत ग्रंथालयशास्त्राची पदवी किंवा डिप्लोमा लागतो. त्यामुळे एकच कोर्स परवडत असेल, तर आधी बी.लिब. करा.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं. पण ग्रंथालय असलं म्हणजे ग्रंथपालाचं पद भरतातच असं नाही. म्हणून कॉलेज, सार्वजनिक वाचनालय आणि ई-लर्निंग कंपन्या हे पर्यायही डोक्यात ठेवा.

आजच मोबाईलवर सुरुवात करा

- कोहा : ग्रंथालयाचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. याचा डेमो चालवून बघा.
- स्टोरीवीव्हर : इथल्या मराठी गोष्टी डाउनलोड करून छापताही येतात.
- किशोर मासिक : बालभारतीने जुने अंक ऑनलाइन मोफत ठेवलेत.

यातल्या वीस गोष्टी निवडा, इयत्तेप्रमाणे यादी करा आणि गावातल्या शाळेला द्या. हे काम आवडलं, तर कोर्सचा फॉर्म भरा!