वाकळेचा विषय

यंदा विषय ठरवून कलेची वाकळ शिवावी, असे मंडळात निघताच कोणीतरी हसले. पांघरुणाला कसला आलाय विषय!

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील मिसूरी पेटवे या बाईंनी पती वारल्यावर, १९४२ साली, त्यांच्या शेतकामाच्या कपड्यांचीच गोधडी शिवली. त्यांची आठवण राहावी व तिच्या उबेत निजावे, एवढाच हेतू. गुलामांच्या वंशातील या गावच्या स्त्रियांच्या गोधड्या पुढे २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, तेव्हा कुठे जग त्यांना कला म्हणू लागले. शिवणारीचा विषय मात्र साठ वर्षे आधीच ठरलेला होता.

आपल्या जत भागात मराठी घरची वाकळ आणि कानडी घरची कौदी याच जातीची. आत विरलेली धोतरे, वर लुगड्यांचे धड तुकडे, आणि सर्वांना धरून ठेवणारा धावदोरा. सुती लुगडे वापरून मऊ होई; आताची कृत्रिम धाग्याची साडी अंगाला तशी लागतच नाही, हे माझे मत.

माझ्या घरच्या वाकळेत सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा काठ ओळखू येतो. बाकीचे तुकडे कोणाचे, हे सांगणारे आता घरात कोणी उरले नाही.