बापाची जबाबदारी कुठवर?

आपल्या मोहल्ल्यांत एक समज घट्ट रुजून बसला आहे. तलाक झाला, की मुलांचा खर्च बापाने फक्त दोन वर्षे करायचा आणि पुढचे आईने किंवा आईच्या माहेरच्यांनी पाहायचे. उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांपुढे या समजाची फळे वर्गात बसलेली असतात. म्हणून ही 'दोन वर्षे' आली कुठून, याचा इतिहास तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

सुरुवात शरीअतपासूनच करू. कुरआन शरीफच्या सूरह बकरामधील २३३ व्या आयतीत दोन वर्षांचा उल्लेख आहे, पण तो दूध पाजण्याच्या मुदतीचा आहे. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकला आहे. मूल दूध सोडते म्हणून त्याची भूक संपत नाही, हे फुकहांना ठाऊक होते. हनफी फिकहने मुलाचा नफका तो बालिग होऊन कमावता होईपर्यंत आणि मुलीचा नफका तिच्या निकाहपर्यंत बापावर ठेवला. कमावण्यास असमर्थ, अपंग मुलगा आणि इल्म शिकण्यात गुंतलेला गरीब विद्यार्थी यांनाही त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही.

आता इंग्रजी अमदानीकडे वळू. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने वयाची रेषा अठरावर आखली. निकाह, मेहर, तलाक आणि दत्तक या बाबी मात्र त्यातून वगळल्या. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ ने कोणत्याही धर्माच्या बापाला मुलांच्या पोटगीसाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याची सोय केली. रक्कम होती महिना जास्तीत जास्त पन्नास रुपये. त्या कलमात वयाची अट नव्हती. स्वतःचे पोट भरू न शकणारे मूल, एवढेच शब्द होते. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने नानकचंद खटल्यात हाच अर्थ मान्य केला. पुढे १९७३ ची संहिता आली आणि कलम १२५ मध्ये 'अज्ञान' हा शब्द घातला गेला. अठरा वर्षांनंतर शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे असमर्थ असलेल्या मुलालाच, आणि तशाच अविवाहित मुलीला, या कलमाचा आधार उरला. पाचशे रुपयांची कमाल मर्यादा मात्र २००१ पर्यंत टिकली.

मग शाहबानो प्रकरण घडले. १९८५ च्या निकालानंतर १९८६ चा मुस्लिम महिला कायदा झाला. त्याच्या कलम ३ मध्ये लिहिले आहे, की तलाक झालेली आई मुलांना सांभाळत असेल, तर मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंत नवऱ्याने तिला त्यासाठी वाजवी तरतूद आणि खर्च द्यावा. गैरसमजाची मुळी इथे आहे. आईला मिळणाऱ्या रकमेची मुदत लोकांनी मुलांच्या हक्काची मुदत मानली.

लोकांनीच नव्हे, एका उच्च न्यायालयानेही तसेच मानले. बिहारमधील नूर सबा खातून यांना तीन लहान मुले होती. कनिष्ठ न्यायालयाने प्रत्येक मुलाला महिना दीडशे रुपये मंजूर केले होते. तलाकनंतर नवऱ्याने १९८६ च्या कायद्याकडे बोट दाखवले आणि पाटणा उच्च न्यायालयाने मुलांचा हक्क दोन वर्षांच्या वयापुरता धरला. जुलै १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालयाने दोन्ही हक्क वेगळे केले: दोन वर्षांची तरतूद आईची, मुलांची पोटगी मुलांची, आणि ती कलम १२५ खाली शाबूत. ऐपत असलेल्या बापाने मुले सज्ञान किंवा कमावती होईपर्यंत, आणि मुलींना त्यांचे लग्न होईपर्यंत पोसलेच पाहिजे. विशेष असे, की न्यायालयाने हे सांगताना शरीअतचाही आधार घेतला.

१ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. अज्ञान मुलांचा हक्क तोच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश खटल्यात सांगितले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि मुलांच्या खर्चात शिक्षणही धरावे. म्हणजे अर्ज जितका लांबवावा तितके मुलांचेच नुकसान.

प्रश्न सगळे सुटले असे नाही. अठरावे वर्ष बहुधा बारावीच्या आसपास लागते. नेमके तेव्हाच डी.एड., नर्सिंग, इंजिनिअरिंगचा खर्च उभा राहतो आणि फौजदारी कलमाचा हात सुटतो. निकाहपर्यंतच खर्च, म्हणून मुलीचा निकाह लवकर उरका, असा हिशेब करणारे बापही आहेत. तो हिशेब शरीअतचा नव्हे, खिशाचा आहे. जमातीत तलाकचा निवाडा होतो तेव्हा मेहर आणि इद्दतचा खर्च लिहिला जातो. त्याच कागदावर मुलांची नावे, त्यांच्या इयत्ता आणि दरमहाची रक्कमही लिहिली जावी. दूध सुटल्यावर मुलाला भाकरी लागते, आणि भाकरीनंतर पाटी. या दोन्हींचा भार बापावर आहे, हे शरीअतही सांगते आणि कायदाही.