जुनें गाणें कोणाचें?

गेल्या भाद्रपदांत गणपतीसाठीं बुरोंडीस गेलों असतां एक लहानसें काम मजकडे आलें. नभोवाणीवर प्रौढ श्रोत्यांसाठीं जुन्या मराठी गीतांचा एक कार्यक्रम योजावयाचा होता, आणि त्यांत कोणतीं गाणीं असावींत याची यादी मीं करून द्यावी असें ठरलें. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला हें काम सांगण्याचें कारण एवढेंच कीं, माझ्याजवळ वडिलांच्या वेळच्या बऱ्याच तबकड्या आहेत, व त्यांविषयीं मी गरजेपेक्षां अधिक बोलतों. दोन संध्याकाळीं बसून साठ गाण्यांची यादी तयार केली. तिसऱ्या दिवशीं शेजारचे आबा ओटीवर येऊन बसले. हे लालबागेंतील एका गिरणींत साचेखात्यांत वीस वर्षें काम करून १९८२ च्या संपानंतर गांवीं परतलेले वृद्ध गृहस्थ. त्यांना मीं यादी वाचून दाखविली. त्यांनीं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हटलें, “मास्तर, गानी बेस हायत, पन ह्यात आमचा येकबी गाना नाय.”

हें वाक्य मला लागलें. आबांना गाण्यांतलें काय कळतें, असें म्हणून तें झटकून टाकतां आलें असतें. आणि पहिल्या क्षणीं मीं तसें केलेंही. परंतु रात्रीं पुन्हा यादी पुढें घेऊन बसलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, ही यादी मीं केलेलीच नाहीं. ती माझ्या जन्मापूर्वींच होऊन बसली होती. मीं ती केवळ आठवणीनें उतरून काढली. ती कोणीं केली व कशी केली याचा शोध घेणें मनोरंजक वाटलें, म्हणून हा लेख.

आपल्या जुन्या गाण्याची पहिली पेठ म्हणजे रंगभूमि. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यास झालें, आणि तेथून पुढें चाळीस-पन्नास वर्षें मराठी माणसाचें गाणें म्हणजे नाटकांतलें पद असें समीकरण होऊन बसलें. ‘मानापमान’ १९११ सालचें, ‘स्वयंवर’ १९१६ चें. एकाला गोविंदराव टेंब्यांच्या चाली, दुसऱ्याला भास्करबुवा बखल्यांच्या. हीं पदें ऐकणारा प्रेक्षक रात्रभर बसत असे. ‘वन्समोअर’ची आरोळी उठली कीं बालगंधर्व तेंच पद पुन्हा आळवीत, आणि प्रत्येक वेळीं तें निराळें होई. असें पद किती लांब होतें, या प्रश्नाला उत्तर नाहीं. श्रोते जितकें मागत तितकें लांब.

मग तबकडी आली. दहा इंची, मिनिटाला अठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या काळ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटें मावत, सव्वातीन म्हणजे शिकस्त. त्या तीन मिनिटांत पद बसवावयाचें, म्हणजे त्याचा विस्तार छाटावयाचा, लय थोडी चढवावयाची, आणि गवयानें पुढ्यांतील कर्ण्याकडे पाहून घाईनें समेवर यावयाचें. आज आपण ज्याला बालगंधर्वांचें गाणें म्हणतों तें बहुतेक या तीन मिनिटांच्या सांचांतून निघालेलें गाणें आहे. माझे वडील हें कधीं मान्य करीत नसत. त्यांच्या मतें तबकडींत सर्व कांहीं होतें. ज्यांनीं नाटक पाहिलें होतें ते आजोबा मात्र तबकडी लागली कीं उठून परड्यांत जात.

तबकडीचा दुसरा परिणाम अधिक दूरचा झाला. तीन मिनिटांत जें मुळांतच मावतें असें गाणें आतां मुद्दाम निर्माण होऊं लागलें. भावगीताचा जन्म कवितेंतून झाला हें खरें, परंतु त्याला आकार दिला तो तबकडीनें. गोविंदराव जोशी यांनीं ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गाइली आणि कवीची कविता घरोघरीं ऐकूं येऊं लागली. जे. एल. रानडे, गजानन वाटवे हे त्याच वाटेवरचे. १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ आली, आणि केशवराव भोळ्यांनीं नाटकांतील गाणेंही आटोपशीर करून दाखविलें. थोडें थांबून पाहिलें तर हा मोठाच पालट आहे. रात्रभर चालणारें गाणें मागें पडून चहाचा पेला संपेपर्यंत संपणारें गाणें पुढें आलें. आणि हें सारें एका पिढीच्या आंत घडलें.

मुंबईस नियमित ध्वनिक्षेपण १९२७ च्या जुलैंत सुरू झालें. १९३६ सालीं त्या संस्थेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. नभोवाणीला तीन मिनिटांचें गाणें फारच सोयीचें पडलें. परंतु नभोवाणी नुसती तबकड्या वाजविणारी पेटी नव्हती. तिला आवडीनिवडी होत्या आणि सोंवळेंओंवळें तर फारच होतें. १९४० सालीं तिनें हार्मोनियमला आपल्या ध्वनिक्षेपणगृहाचें दार बंद केलें. या वाद्याचे स्वर आपल्या श्रुतींशीं जुळत नाहींत असा आक्षेप होता, आणि ही बंदी सुमारें तीस वर्षें टिकली. जिच्या पदांत पेटी व ऑर्गन भिनलेले, त्या मराठी रंगभूमीच्या गायकाला नभोवाणीवर गातांना ती साथ मिळत नसे. तर्काच्या दृष्टीनें आक्षेप चुकीचा नव्हता. पण गाणें तर्कावर चालत नाहीं.

याहून मोठी गाळणी १९५२ नंतर लागली. त्या वर्षीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मध्यवर्ती सरकारांत नभोवाणीचे मंत्री झाले व १९६२ पर्यंत राहिले. मराठी माणूस, संगीताचा जाणता, आणि आपल्याला जें उच्च वाटतें तेंच लोकांनीं ऐकावें असा ठाम विश्वास बाळगणारा. त्यांनीं सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ वनवासांत पाठविलें. श्रोते कांहीं उच्च झाले नाहींत. ते सिलोनकडे वळले. अमीन सयानींची गीतमाला १९५२ सालींच तेथून सुरू झाली होती. शेवटीं १९५७ च्या ऑक्टोबरांत सरकारला ‘विविध भारती’ काढावी लागली. केसकरांची थट्टा करणें सोपें आहे आणि ती पुष्कळांनीं केली आहे. मला मात्र त्यांच्या धोरणाची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. सिनेमाच्या गाण्यानें मोकळी केलेली जागा भरून काढण्यासाठीं प्रत्येक केंद्राला स्वतःचें सुगम संगीत निर्माण करावें लागलें, आणि मराठी भावगीताला जें वैभवाचें दशक लाभलें त्याचें थोडें श्रेय या हट्टाला आहे.

त्या दशकाचें शिखर म्हणजे ‘गीतरामायण’. पुणें केंद्र १९५३ सालीं निघालेलें, अवघें दीड वर्षाचें. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, तेथून माडगूळकरांचें पहिलें गीत प्रसृत झालें, आणि पुढें आठवड्याला एक याप्रमाणें वर्षभर हा यज्ञ चालला. बावन्न गीतांची योजना होती, पण त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें तीं छपन्न झालीं. मूळ कार्यक्रमांत गाणारे अनेक होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर आणि इतर. पुढें हीं सर्व गीतें सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजांत ध्वनिमुद्रित झालीं व घरोघरीं तींच पोहोंचलीं. आज श्रोत्याला ‘मूळ’ म्हणून जें ठाऊक आहे तें दुसरें रूप आहे. तबकडी टिकते आणि प्रसंग विरतो, याचें याहून चांगलें उदाहरण मला माहीत नाहीं.

अशा रीतीनें माझ्या यादीचे तीन कर्ते सांपडले: तबकडी काढणारी कंपनी, नभोवाणीचा अधिकारी, आणि ज्याच्या घरीं फोनो किंवा रेडिओ होता तो मध्यम वर्ग. या तिघांच्या चाळणीतून जें खालीं आलें तें ‘जुनें गाणें’.

येथें अमेरिकेंतील एक गोष्ट आठवते. रॉक संगीतानें तेथील केंद्रें व्यापलीं तेव्हां चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या श्रोत्याला ऐकण्याजोगें कांहीं उरलें नाहीं. म्हणून १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अल हॅम नांवाच्या गृहस्थानें केवळ जुन्या गीतांचा एक आराखडा बनवून तो अनेक केंद्रांना पुरविला. या गाण्यांना तिकडे ‘स्टँडर्ड’ म्हणतात. शब्द विचार करण्यासारखा आहे. स्टँडर्ड म्हणजे केवळ जुनें अथवा लोकप्रिय नव्हे. जें पहिल्या गायकापासून सुटें होऊन दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या गळ्यांत जाऊन राहतें तें. त्यांचींही बहुतेक गाणीं नाटकांतूनच आलेलीं होतीं, हा योगायोग नव्हे.

ही कसोटी लावली तर आपलें नाट्यपद पहिल्या झटक्यास उतरतें. कुमार गंधर्वांनीं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नांवानें तींच पदें गाइलीं, तीं नक्कल म्हणून नव्हे. भा. रा. तांब्यांची कविताही उतरते. कवि १९४१ सालीं वारले; वसंत प्रभूंच्या चालींनीं व लताबाईंच्या आवाजानें त्यांच्या कविता पुढें सर्वतोमुखीं झाल्या. उलट कित्येक भावगीतें एका गळ्याला अशीं चिकटलेलीं आहेत कीं, दुसऱ्यानें गाइलीं म्हणजे स्पर्धेतील बक्षिसाची आठवण होते. अशीं नऊ गाणीं मीं निःशंकपणें यादींतून काढलीं. त्यांतील दोन मला अत्यंत प्रिय आहेत.

पण आबांचा आक्षेप हा नव्हता. त्यांना मीं विचारलें, “मग तुमचें गाणें कोणतें?” कोळीगीतें आहेत कीं यादींत, असेंही म्हटलें. बुरोंडी हें समुद्रावरचें, मासेमारीचें गांव. लहानपणीं मुंबई केंद्र आम्हांस येथें स्वच्छ ऐकूं येई, पुणें मात्र खरखरत येई. मध्यमलहरी खाऱ्या पाण्यावरून फारशा क्षीण न होतां दूरवर जातात, आणि पुण्याच्या वाटेंत सह्याद्रि उभा. बंदरावरच्या दुकानांत हवामानाचा इशारा ऐकण्यासाठीं माणसें जमत, व इशाऱ्याच्या मागेंपुढें जें गाणें लागेल तें ऐकून जात. तेथेंच मीं हेमंतकुमार व लताबाई यांचीं कोळीगीतें प्रथम ऐकलीं. खलाशी तीं ऐकतांना हंसत. का हंसत तें तेव्हां कळलें नाहीं. त्या गीतांच्या कवयित्री शांताबाई शेळके यांचा जन्म इंदापूरचा. तेथून समुद्र किती दूर आहे हें नकाशांत पाहावें. हृदयनाथ मंगेशकरांनीं त्यांना दिलेल्या चाली सुंदर आहेत, आणि गाणींही माझ्या यादींत राहणार आहेत. पण तें समुद्रावरचें गाणें आहे, समुद्रावरच्या माणसाचें नव्हे. हा फरक हंसणाऱ्यांस कळत होता.

आबांचें गाणें दोन ठिकाणीं होतें. एक गिरणगांवांत. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड, गांवीं बायको ठेवून मुंबईस आलेल्या कामकऱ्याची. अमर शेख, साठे यांचा आवाज मैदानांत आणि चाळींच्या चौकांत घुमला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत लाखों लोकांना पाठ असलेली ही रचना माझ्या साठांत नव्हती, याचें मला खरोखर आश्चर्य वाटलें; तितकीच लाजही वाटली. शाहीर साबळ्यांचें महाराष्ट्रगीत मात्र होतें, कारण त्याला राजा बढे व श्रीनिवास खळे यांचीं नांवें लागलेलीं आणि २०२३ सालीं तें राज्यगीत झालेलें. म्हणजे शाहिरालाही माझ्या यादींत यावयास शिफारसपत्र लागलें.

दुसरें ठिकाण आमचें अंगण. शिमग्याचें नमन-खेळे, त्यांतला तो उंच टोपीचा संकासुर, आणि गणपतींतील जाखडी. मुंबईस घरकामाला असलेले, कानांत बाळ्या घालणारे कोंकणी गडी हा नाच नाचत, म्हणून शहरानें त्याला ‘बाल्या नाच’ असें कौतुकाचें कमी व हिणविण्याचें अधिक नांव दिलें. शक्तिवाले व तुरेवाले असे दोन पक्ष, सवाल-जबाब, मध्यें ढोलकी व गाणारा बुवा, भोंवतीं गोल. हीं गाणीं जुनीं नव्हेत असें कोण म्हणेल? पण तीं दरवर्षीं नवीं रचिलीं जातात. चाल जुनी, शब्द यंदाचे. जुनें गाणें म्हणजे एकदां होऊन गेलेली वस्तु, ही आपली कल्पनाच तेथें लागू पडत नाहीं. शिवाय तें तीन मिनिटांत मावत नाहीं.

कायद्याची एक गोष्ट येथें सांगून टाकतों. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें चालतो. म्हणजे १९६४ पर्यंतच्या तबकड्यांवरील तो हक्क संपला आहे. कवि व संगीतकार यांचा हक्क निराळा, तो त्यांच्या मरणानंतर साठ वर्षें राहतो. तेव्हां खर्चाकडे पाहून यादी करणाऱ्याला जुनींच गाणीं स्वस्त पडतील, आणि पुढील यादी कदाचित् तोच करील. माझ्या यादीच्या कर्त्यांत हा चौथा धरावा.

गौरीच्या रात्रीं वरच्या वाडींत जाखडी होती. मी आबांबरोबर गेलों आणि खिशांत घड्याळ घेऊन बसलों. पहिलें गीत चाळीस मिनिटें चाललें. मधेंच बुवांनीं यंदाच्या पावसावर एक कडवें रचून घातलें, तेव्हां सर्व अंगण हंसलें आणि समोरच्या पक्षानें तसेंच तोडीस तोड उत्तर दिलें. परत येतांना मीं आबांना म्हटलें, “यांतलें तीन मिनिटांचें कोणतें काढावें?” ते कंदिलाच्या उजेडांत पाऊल पाहून टाकीत होते. म्हणाले, “त्ये बुवाला इचारा. पन तो बी नाय सांगायचा.”

सुधारलेली यादी मीं पाठविली आहे. नऊ गाणीं गेलीं तेथें ‘माझी मैना’ व आणखी एक शाहिरी रचना आली. राहिलेल्या सात आंकड्यांपुढें मीं कांहीं लिहिलेलें नाहीं. समासांत एवढेंच टिपलें आहे कीं, या जागेसाठीं भाद्रपदांत ध्वनिमुद्रक घेऊन कोणीतरी बुरोंडीस यावें, आणि वेळ हातीं राखून यावें.