चुकलेली मुदत : दंडाचें व्याज कसें झालें

प्राप्तीवरील कर भरण्याची मुदत टळली म्हणजे घरांतील कर्त्या माणसाच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो ‘आतां जास्त किती भरावें लागेल?’ हा. तो जादा पैसा सरकार कोणत्या नात्यानें घेतें, हें मात्र आपण क्वचितच विचारतों. आपल्याला अपराधी समजून, कीं ऋणको समजून? या प्रश्नाचें उत्तर आपल्या देशांत हळूहळू बदलत गेलें, आणि आज तेवढीच हकीकत मला सांगावयाची आहे.

हा कर हिंदुस्थानांत आला १८६० सालीं. १८५७ च्या उठावामुळें रित्या झालेल्या तिजोरीची व्यवस्था लावण्यासाठीं विलायतेहून जेम्स विल्सन यांना धाडण्यांत आलें होतें. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळविणाऱ्यांना शेंकडा दोन, त्याहून अधिक मिळविणाऱ्यांना शेंकडा चार, असा त्यांचा कर होता. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनीं त्याला उघड विरोध केला व त्यापायीं अधिकारपद गमावलें. विल्सनसाहेबही त्याच वर्षीं ऑगस्टांत कलकत्त्यास वारले. पुढें हा कर गेला, आला, १८७३ मध्यें पुन्हां गेला. कायमचा बसला तो १८८६ च्या कायद्यानें.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा कायदा १९२२ चा. मुदतींत कर न देणाऱ्याकडून, थकलेल्या रकमेइतका दंड घेण्याची मुभा त्याच्या ४६ व्या कलमानें अधिकाऱ्याला दिली. म्हणजे ३०० रुपये थकले तर ६०० मोजण्याची पाळी येऊं शके. दंड करावा कीं नाहीं, केला तर किती, हें सारें त्याच्या मर्जीवर. एवढ्यानें भागलें नाहीं तर तो कलेक्टराकडे दाखला पाठवी, आणि बाकी जमीनमहसुलाप्रमाणें वसूल होई. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीनमहसूल कायद्यांत त्या वसुलीचा अर्थ जप्ती, लिलाव आणि प्रसंगीं अटक असा होता. सारा थकविणाऱ्या कुणब्याला जी भीति पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, तीच शहरांतील वकील-डॉक्टरांनाही लागू होती!

पण मर्जी ही दुधारी वस्तु आहे. तिच्यापुढें माणूस अपमानित होतो, तसाच ‘घरांत आजारपण होतें’ असें सांगण्यास उभाही राहूं शकतो.

१९४४ मध्यें कर आगाऊ भरण्याची पद्धति आली आणि तींत कमी पडलेल्या रकमेवर शेंकडा सहा दरानें व्याज बसूं लागलें. येथून वारें फिरलें. १९६१ च्या कायद्यानें दंड ठेवला, पण त्याआधीं करदात्याचें म्हणणें ऐकून घेण्याचें बंधन घातलें. नित्याचा भार मात्र व्याजावर गेला. थकलेल्या मागणीवर १९७२ मध्यें सालीना शेंकडा १२, १९८४ मध्यें १५, आणि १९८९ पासून दरमहा शेंकडा दीड. एक दिवसाचा उशीर झाला तरी पुरा महिना धरावयाचा. २००३ मध्यें हा दर दरमहा शेंकडा एकवर आला.

न्यायालयांनींही हा भेद पक्का केला. कायद्यानें सत्ता दिली एवढ्याच कारणासाठीं दंड करूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६९ मध्यें विक्रीकराच्या एका खटल्यांत म्हटलें. १९८६ मध्यें मध्यप्रांतांतील मँगनीजच्या एका कंपनीच्या प्रकरणांत त्यानें सांगितलें कीं, व्याज ही शिक्षा नव्हे, वेळेवर न मिळालेल्या पैशाची ती भरपाई आहे. कोणी तुम्हांला लबाड म्हणत नाहीं. पण कोणी तुमची हकीकतही विचारीत नाहीं. विवरणपत्राच्या व आगाऊ कराच्या दिरंगाईवरील व्याज तडजोड आयोगालाही माफ करतां येणार नाहीं, असा निर्णय २००१ मध्यें झाला.

थकलेल्या मागणीवरील व्याजापुरती १९६१ च्या कायद्यांत एक खिडकी पुढें उघडण्यांत आली. व्याज कमी व्हावें म्हणून अर्ज करावयाचा, आणि त्यांत तीन गोष्टी दाखवावयाच्या : भरणें खरोखर कष्टाचें होतें, चूक आपल्या हाताबाहेरच्या कारणानें झाली, आणि चौकशींत आपण सहकार्य केलें. तिन्ही हव्यात, दोन पुरत नाहींत.