चांदीचा कण आणि निगरगट्ट जंतू

आम्ही डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्रीही नव्हे. युनियनच्या कामात भाजलेल्या कामगारांच्या उशाशी आम्ही रात्री काढल्या. जखम चिघळली, औषध लागू पडत नाही, हे शब्द तिथे ऐकले. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचीत आलो.

जंतूंवर धातूचा मारा ही युक्ती जुनीच. 1880 च्या सुमारास जर्मनीत लाइपझिग येथे डॉक्टर क्रेडे यांनी नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्यास आरंभ केला आणि असंख्य मुलांची दृष्टी वाचली. पुढे पेनिसिलिन आले. चांदी अडगळीत गेली. परंतु अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतील, असा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात दिला होता. तो कोणी ऐकला? अखेर 1965 साली अमेरिकेत मोयर यांनी भाजलेल्या जखमांच्या पट्ट्या सिल्व्हर नायट्रेटच्या अर्धा टक्का द्रावणात भिजवून चांदीला पुन्हा कामावर घेतले. दहाच वर्षांनी, 1975 साली, बोस्टनच्या एका इस्पितळात भाजलेल्यांच्याच कक्षात असा जंतू सापडला, की तो चांदीलाही दाद देईना आणि अँपिसिलिनलाही.

मग आले अतिसूक्ष्म कण. मीटरचे शंभर कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण शंभर नॅनोमीटरच्या आतले. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, त्याचे कारण उघडा पृष्ठभाग जास्त. इथेही तेच. कणांवरून चांदीचे आयन सुटतात, जंतूचे आवरण फाडतात, त्याची श्वसनक्रिया थांबवितात. पेनिसिलिन फक्त भिंतीच्या बांधकामावर घाव घालते. एका खात्याचा संप मालकाला मोडता येतो. सगळी खाती एकदम बंद पडली म्हणजे त्याची पंचाईत होते. म्हणून पुष्कळांना वाटले, याला जंतू सरावणार नाही.

तो सरावला. चेकोस्लोव्हाकिया 1993 साली दुभंगल्यावर झालेल्या चेक देशातील ओलोमोउत्सच्या संशोधकांनी 2018 साली दाखविले, की वारंवार मारा झाल्यावर ई. कोलाय जंतू फ्लॅजेलिन नावाचे प्रथिन बाहेर सोडतो. हे प्रथिन एरवी त्याच्या पोहण्याच्या शेपटीचे. त्याने कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि निकामी ठरतात. आनुवंशिक बदलाची त्याला गरजही पडली नाही!

असे असता हीच चांदी पायमोज्यांत घालून विकली जाते आणि धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जाते. आमच्या मते ही निव्वळ उधळपट्टी. भाजलेल्या माणसाची शेवटची ढाल पायाचा वास घालविण्यासाठी का खर्चावी?

ओलोमोउत्सच्या मंडळींनी त्यावर तोडही काढली. कणांना वरून रासायनिक लेप देऊन भागले नाही. भागले ते डाळिंबाच्या सालीच्या अर्काने. त्याने फ्लॅजेलिन बनणेच आवरले आणि कण पुन्हा मारू लागले. हे सारे अजून प्रयोगशाळेतले आहे, रोग्याच्या खाटेजवळचे नव्हे.